डावखुऱ्या पिचरसमोर कोण? आउटफिल्डमधल्या एका निवडीची पार्श्वभूमी

ऑक्टोबरात बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीचे शेवटच्या टप्प्याचे सामने, सुरू झाले की मॅनेजरपुढे एक प्रश्न हमखास येतो. उद्या समोर डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) आहे. मग आपल्या डावखुऱ्या आउटफिल्डरला (मैदानाच्या मागच्या भागात उभा राहणाऱ्या खेळाडूला) बसवून उजव्या हाताच्या राखीव बॅटरला उतरवायचं का? डावखुऱ्या पिचरचा स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, डावखुऱ्या बॅटरपासून लांब पळतो. उजव्या बॅटरकडे तो आत येतो आणि हातातून सुटतानाच नीट दिसतो. बाहेर जाणारा चेंडू किती छळतो, हे क्रिकेट पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ही अदलाबदल आउटफिल्डमध्येच जास्त होते, कारण डाव्या हाताने चेंडू फेकणाऱ्यांना पहिला बेस (धावताना गाठायचा पहिला थांबा) आणि आउटफिल्ड सोडलं तर मैदानात फारशी जागाच नसते. त्यामुळे डावखुरे बॅटर तिथे गोळा होतात.

हे तंत्र पहिल्यांदा गाजवलं ते १९१४ च्या बॉस्टन ब्रेव्ह्जने. ४ जुलैला हा संघ आठ संघांत तळाला होता. मॅनेजर जॉर्ज स्टॉलिंग्ज यांच्याकडे एकही बडा आउटफिल्डर नव्हता, म्हणून समोरचा पिचर पाहून ते डावखुऱ्या-उजव्या जोड्यांमधला खेळाडू बदलत राहिले. संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, पोहोचला. तिथे दुसऱ्या सामन्यात फिलाडेल्फियाचा डावखुरा एडी प्लँक उभा होता. स्टॉलिंग्जनी उजव्या हाताच्या लेस मानला खेळवलं. नवव्या डावापर्यंत ०-०, आणि मानच्याच फटक्यावर सामन्यातली एकमेव धाव आली. ब्रेव्ह्जनी सिरीज ४-० अशी जिंकली.

१९२० मध्ये क्लीव्हलँडचा मॅनेजर ट्रिस स्पीकरने तोच कित्ता गिरवला. राइट फिल्डमध्ये (आउटफिल्डच्या उजव्या बाजूला) डावखुरा एल्मर स्मिथ, आणि डावखुऱ्या पिचरविरुद्ध उजवा जो वुड. वुडची गोष्ट मला फार भिडते. १९१२ मध्ये पिचर म्हणून ३४ सामने जिंकलेला हा माणूस. हात निकामी झाला, तेव्हा बॅट घेऊन आउटफिल्डर म्हणून पुन्हा उभा राहिला. ब्रुकलिनचा डावखुरा शेरी स्मिथ समोर आला की वर्ल्ड सिरीजमध्येही जागा वुडची असे.

पुढे न्यूयॉर्क जायंट्समध्ये मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी केसी स्टेंगल या डावखुऱ्या आउटफिल्डरला असंच निवडून खेळवलं, आणि १९२२ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .३६८ झाली, म्हणजे हजारात ३६८ यशस्वी फटके. हाच स्टेंगल नंतर न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाचा मॅनेजर झाला. १९४९ ते १९५३ अशा सलग पाच वर्ल्ड सिरीज त्याने जिंकल्या. डावखुरा जीन वुडलिंग आणि उजवा हँक बाऊअर या दोघांनाही आलटूनपालटून खेळणं पसंत नव्हतं, आणि तो राग रास्तच होता. त्यातही उजव्याचं नुकसान जास्त. डावखुरे पिचर संख्येने कमी, म्हणजे वर्षभर त्याला बॅटिंगच्या पाळ्या थोड्या, आणि ऑक्टोबरात मात्र अपेक्षा भरपूर. १९५१ च्या सिरीजच्या सहाव्या सामन्यात १-१ बरोबरी असताना तिन्ही बेसवर यँकीजचे धावपटू होते. जायंट्सचा डावखुरा डेव्ह कोस्लो याच्यावर बाऊअरने ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि यँकीजने ४-३ ने सामना जिंकून सिरीज संपवली.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बाल्टिमोरचे मॅनेजर अर्ल वीव्हर यांनी खेळाडूंच्या नोंदींची कार्डं जवळ ठेवून हे काम अधिक बारकाईने केलं. १९८२ मध्ये डावखुरा जॉन लोवेनस्टाइन आणि उजवा गॅरी रोनिकी यांनी मिळून ४५ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले.

अलीकडच्या काळात ही रीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सइतकी कोणी ताणली नाही. २०१७ मध्ये शिकागोत लेफ्ट फिल्डला उतरलेल्या त्यांच्या किके हर्नांडेझने एका प्लेऑफ सामन्यात तीन होमरन मारले. पहिला डावखुऱ्या होसे किंतानावर. पण पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनचा डावखुरा पिचर ख्रिस सेलविरुद्ध डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी सगळेच्या सगळे उजवे बॅटर उतरवले. त्या वर्षी ३५ होमरन मारलेला डावखुरा मॅक्स मन्सी बाकावर, कोडी बेलिंजर आणि जॉक पीडरसनही बाकावर. सामना ८-४ ने गेला. माझ्या मते ती चूक होती: वर्षभर संघाला पुढे नेणारे इतके हात एकाच वेळी बसवायला नको होते.

१९१४ चा तोच ब्रेव्ह्ज संघ आता अटलांटात आहे. २०२१ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या डावखुऱ्या हुलिओ उरियासविरुद्ध त्यांनी डावखुऱ्या एडी रोसारिओला बसवलं नाही. त्याने उरियासवर होमरन मारला.