काचेची मागची बाजू: जुनी खेळणी, लोककला आणि आधुनिक चित्रकार

एखादा चित्रकार आपल्या प्रेरणा सांगताना चावीची जुनी खेळणी, लाकडी घोडे किंवा जत्रेतली चित्रे यांचा उल्लेख करतो, तेव्हा ऐकणारा बहुधा ती बालपणाची हळवी आठवण समजतो. गेल्या सव्वाशे वर्षांतला या ओढीचा इतिहास पाहिला, तर या वस्तूंकडून चित्रकारांनी मुख्यतः कामाची रीत उचलली, असे माझे मत आहे. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने १८९० च्या दशकातच लिहून ठेवले होते, की आपण पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिरावर कोरलेल्या घोड्यांच्याही मागे, लहानपणच्या लाकडी घोड्यापर्यंत गेलो आहोत. त्या घोड्याला चार पाय, मान आणि डोळ्याचा एक ठिपका पुरेसा होता, आणि हे पुरेसे असणेच पुढच्या पिढीला मोलाचे वाटले.

या पिढीचे सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या मुर्नाऊ या गावात सापडते. गाब्रिएल म्युंटर आणि वासिली कँडिन्स्की हे चित्रकार १९०८ मध्ये तिथे आले, तेव्हा योहान क्र्योट्झ या स्थानिक मद्य-उत्पादकाकडे काचेवरच्या धार्मिक लोकचित्रांचा सुमारे एक हजारांचा संग्रह होता. ही चित्रे काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात आणि पुढून पाहतात, त्यामुळे सारा क्रम उलटा होतो. संताच्या डोळ्यातली बाहुली, बाह्यरेषा आणि वस्त्रावरची नक्षी आधी काढावी लागते, त्यामागे अंगाचा आणि कपड्यांचा रंग भरावा लागतो, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी येते. आधी लावलेला रंग नंतरच्या रंगाखाली झाकला जात असल्याने मागाहून दुरुस्तीला जवळजवळ वाव नसतो. ठाम काळी रेषा आणि तिच्या आत छायाप्रकाशाविना भरलेला सपाट रंग, हे त्या चित्रांचे रूप बऱ्याच अंशी या अडचणीतूनच घडले आहे. म्युंटरने हे तंत्र हाइनरिश रामबोल्ड या गावातल्याच कारागिराकडून शिकून घेतले, आणि तिच्या तैलचित्रांतही तीच काळी रेषा उतरली. कँडिन्स्की आणि चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी १९१२ मध्ये म्युनिकमध्ये ‘डेर ब्लाउए राइटर’ (निळा स्वार) हे वार्षिक काढले, तेव्हा ही काचचित्रे, रशियन लोकमुद्राचित्रे, मुलांची चित्रे आणि इजिप्तच्या छायाबाहुल्या त्यांनी समकालीन चित्रकारांच्या कामाशेजारी छापल्या. मला हा निर्णय त्या वार्षिकातल्या कित्येक लेखांहून मोठा वाटतो. बहुतेक काचचित्रांवर सही नाही. रामबोल्डचे नाव टिकले, यात म्युंटरच्या शिकण्याचा मोठा वाटा आहे.

पत्र्याच्या खेळण्यांची गोष्ट याच वळणाची आहे. त्यांत चेहरा, कोटाची बटणे, गाडीच्या खिडक्या हे सगळे सपाट पत्र्यावर आधी छापले जाई. मग पत्रा कापून, वाकवून, कडेच्या जिभा खाचांत अडकवून आकार उभा राही. म्हणून गोल गालावरही रंग सपाटच दिसतो. आकार आणि चित्र यांच्यातला हा किंचित विसंवाद जुन्या खेळण्यांतून चित्रे रचणाऱ्यांना आजही खुणावतो.

चित्रकार पॉल क्लेने तर खेळणी स्वतःच केली. मुलगा फेलिक्ससाठी त्याने १९१६ ते १९२५ या काळात सुमारे पन्नास हातबाहुल्या बनवल्या, त्यांपैकी तीस शिल्लक आहेत. एकीचे अंग काड्यापेटीचे आहे.

बंगालमध्ये हाच प्रवास चित्रकार जामिनी रॉय यांनी केला, पण त्यांच्यासाठी तो घरी परतण्याचा होता. बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावी १८८७ मध्ये जन्मलेल्या रॉय यांनी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले आणि व्यक्तिचित्रे काढून नाव मिळवले. १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या कालीघाट मंदिराजवळ विकल्या जाणाऱ्या पटांमधल्या, म्हणजे लोकचित्रांमधल्या, एका दमात ओढलेल्या रेषेने त्यांना खेचून घेतले. तरीही ते तिथे थांबले नाहीत. कालीघाटच्या पटांवर शहराची छाप पडली आहे असे वाटल्याने ते खेड्यातल्या पटुआंच्या, म्हणजे परंपरेने पट रंगवणाऱ्यांच्या, कामाकडे आणि भाजल्या मातीच्या घडणीकडे वळले. तैलरंग सोडून त्यांनी माती, खडू, काजळी आणि वनस्पती यांपासून केलेले रंग चिंचोक्यांच्या खळीत कालवायला सुरुवात केली. घरच्यांना हाताशी घेऊन ते कारखान्याच्या रीतीने एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवीत, आणि सामान्य घरांना परवडतील अशा किमतीत ती चित्रे विकीत.