ऐतिहासिक इंदूर : डिजिटल नकाशे व आभासी दर्शन

जुने नकाशे, छायाचित्रे, दप्तरांतील नोंदी आणि उभ्या वास्तूंची मोजमापे संगणकावर एकत्र करून शहराचा भूतकाळ त्याच्या मूळ जागी पाहण्याची पद्धत. पडद्यावर नकाशाचे थर मागेपुढे करता येतात. आभासी दर्शनाचा हेडसेट डोळ्यांवर चढवला की त्या जागेत उभे राहून मान वळवून पाहता येते.

सुरुवात भूसंदर्भनाने होते. एकच ठिकाण जुन्या नकाशावर आणि आजच्या उपग्रहचित्रावर शोधून दोन्हीकडे खूण करायची. खूण अचल हवी. कृष्णपुऱ्यातील होळकरांच्या छत्र्यांचे जोते त्यासाठी चालते. शेजारच्या खान नदीचा काठ चालत नाही, कारण तो भराव आणि पुरांनी सरकतो. सगळ्या खुणा एकाच पेठेत दाटल्या, तर नकाशाची दुसरी टोके वेडीवाकडी ताणली जातात. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी केलेला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल त्यातल्या नकाशांमुळे इथे फार मोलाचा आहे.

वास्तूसाठी एकमेकांवर येणारी शेकडो छायाचित्रे किंवा लेझर स्कॅनर वापरून त्रिमितीय प्रतिकृती बनवतात. पॅरिसच्या नोत्र दामचे असे स्कॅन २०१९ च्या आगीआधीच झाले होते. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याच्या नशिबी ते नव्हते. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असलेला हा वाडा तीनदा आगीत सापडला : १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा, पुढे १८३४ मध्ये आणि १९८४ च्या दंगलीत. मग हेडसेटमध्ये दाखवायचा तो कोणत्या सालचा राजवाडा? प्रामाणिक प्रतिकृतीत साल बदलता येते, आणि कोणती तुळई पुराव्याने बसवली, कोणती अंदाजाने, हे रंगाने वेगळे दिसते. पुरावा आणि अनुमान यांची अशी उघड नोंद ठेवण्याचा आग्रह वारशाच्या संगणकीय प्रतिकृतींसाठीच्या लंडन सनदेनेही (२००६) धरला आहे. त्याविना उभे केलेले चित्र कितीही देखणे असले तरी इतिहास म्हणून ते स्वीकारता येत नाही.

सर्वांत कमी वापरले गेलेले साधन म्हणजे मोडी कागद. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे आळीचे नाव लागण्यासाठी लिपी आणि गाव दोन्ही ओळखीचे असलेला वाचक लागतो. खरेदीखतात वाड्याची जागा अक्षांश-रेखांशांनी दिलेली नसते. चतुःसीमेने असते : पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ. एकटे खत वाचून त्यातली जागा बहुधा कळत नाही. मात्र रांगेतला एक वाडा नकाशावर पक्का बसला, की त्याच्या चतुःसीमेतला शेजारी बसतो आणि त्या शेजाऱ्याच्या खतावरून पुढचा. शंभर वर्षांपूर्वी पडलेल्या घराची भिंत कुठवर होती, हे अशा वेळी त्याच्या शेजाऱ्याच्या कागदावरून कळते.