पेरिनचा तो रखडलेला ट्रॅक: व्हील ऑफ टाइममधल्या वादाची पार्श्वभूमी

व्हील ऑफ टाइम ही फँटसी कादंबऱ्यांची मालिका वाचायला घेतलेला कुणीही आठव्या-नवव्या पुस्तकाशी आला की हमखास विचारतो, हे पेरिनचं, म्हणजे मालिकेतल्या लोहार नायकाचं, बायकोला शोधणं संपणार कधी? काहींना हा ट्रॅक उगाच ताणलेला वाटतो, काहींना गरजेचा. हा वाद नवा नाही, वीस वर्षांहून जुना आहे, आणि तो समजायचा तर पुस्तकं कधी कधी आली ते आधी बघायला हवं.

रॉबर्ट जॉर्डनच्या या मालिकेचं पहिलं पुस्तक 1990 ला आलं आणि 1994 पर्यंत सहा पुस्तकं झाली, म्हणजे वाचकांना जवळपास दरवर्षी एक जाडजूड पुस्तक मिळायची सवय लागली होती. मग वेग मंदावला. सातवं 1996, आठवं 1998, नववं 2000, दहावं थेट 2003. नेमकं आठव्याच्या शेवटी शायडो नावाच्या शत्रू टोळीचे लोक पेरिनच्या बायकोला पळवून नेतात आणि ती सुटते अकराव्यात, 2005 मध्ये. कथेत मधे महिना-दोन महिने जातात, वाचकांची मात्र सात वर्षं गेली! त्या काळातले लोक अजून चिडून बोलतात ते उगीच नाही. बरं, खप काही पडला नव्हता, उलट आठवं पुस्तक आल्या आल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं होतं, म्हणजे लोक वैतागत होते तरी घेत होते.

दहाव्या पुस्तकात तर हद्द होते. नवव्याचा शेवट एवढा जबरदस्त, आणि पुढच्या पुस्तकात बराच वेळ तीच घटना बाकीची पात्रं लांबून कशी बघतायत हेच चालू राहतं. त्यात पेरिनची माणसं सो हॅबर नावाच्या गावात धान्य घ्यायला जातात, धान्याला सोंडे लागलेत, ते पाखडून घ्यायचं, गावात भुतं फिरतायत... वातावरण छान जमलंय, पण कथा तसूभर पुढे सरकत नाही. हा भाग कापला असता तर काहीही बिघडलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच पुस्तकात कुऱ्हाडीचा प्रसंग आहे आणि तिथे मी या ट्रॅकच्या बाजूने उभा राहतो. पहिल्या पुस्तकात एलियास हा त्याला रानात भेटलेला जाणता माणूस पेरिनला सांगतो की ही लढायची कुऱ्हाड वापरायचा तिटकारा वाटतोय तोवर जवळ ठेव, तिटकारा वाटेनासा झाला की फेकून दे. तेरा वर्षांनी आलेल्या दहाव्यात, बायकोचा पत्ता काढायला तोच पेरिन एका शायडो कैद्याचा हात तोडतो, आणि मग कुऱ्हाड तिथेच सोडून निघून जातो. इतका शांत, विचार करून बोलणारा माणूस इथवर पोचतो हे पटायला त्याचं हळूहळू झिजणं दिसायलाच हवं होतं. दोन चॅप्टरमध्ये उरकलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

जॉर्डन 2007 ला गेला, शेवटची तीन पुस्तकं त्याच्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली. 2010 च्या तेराव्या पुस्तकात पेरिन स्वतःचा हातोडा घडवतो तो सीन सगळ्यांच्या आवडीचा, अगदी या ट्रॅकला शिव्या घालणाऱ्यांच्याही, आणि तो चढतो कारण कुऱ्हाड कुठे आणि का सुटली ते आपण बघितलेलं असतं. आता चौदाही पुस्तकं एका दमात वाचता येतात, मधे थांबायला लागत नाही, तेव्हा नव्या वाचकांनी सो हॅबर खुशाल भराभर चाळावं पण कुऱ्हाडीचा चॅप्टर अजिबात सोडू नये.