ऑनलाइन अभ्यासक्रम आणि अभ्यासाची आखणी : गोव्यातील पार्श्वभूमी

गोव्यात ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे मार्च २०२० पासून सुरू होते. सत्तरी, सांगे, काणकोणातली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे वर्ग चालत होते. ते हाल खरेच होते. पण तो वर्ग म्हणजे घरात आलेले कॉलेजच होते. वेळापत्रक ठरलेले, हजेरी शिक्षक घेणार. कधी, काय आणि किती वाचायचे याचा निर्णय विद्यार्थ्यावर सोडणारे अभ्यासक्रम वेगळे, आणि ते टाळेबंदीच्या आधीपासून होते.

आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत देणारा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. २०१४ पासून त्यावर प्रमाणपत्राची परीक्षा आली आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच. परदेशात २०१२ च्या सुमारास अशा खुल्या अभ्यासक्रमांची लाट उसळली, तेव्हाच दिसून आले होते की नाव नोंदवणाऱ्यांतले बहुतेक जण मध्येच गळतात. शिक्षणाचे मानसशास्त्र १९८० च्या दशकापासून सांगत आले आहे की स्वतःचे उद्दिष्ट ठरवणे, आपण कुठे अडलो ते ओळखणे आणि त्याप्रमाणे पद्धत बदलणे ही शिकवावी लागणारी कौशल्ये आहेत.

वाद झाला तो श्रेयांकांवरून, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या क्रेडिटवरून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा गोव्यासारख्या राज्यात पटण्याजोगा होता. इथली कॉलेजे लहान, एखादा विषय दोन-चार मुलांनाच हवा असतो, तेवढ्यासाठी शिक्षक मिळत नाही. विरोधकांना धास्ती होती ती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या पोटाची, आणि तीही खोटी म्हणता येणार नाही. या ओढाताणीत विद्यार्थी मात्र बाजूला राहिला. त्याला मार्गदर्शन करण्यासाठी कॉलेजने समन्वयक नेमावा, असे नियमात आहे. प्रत्यक्षात समन्वयकाचा बहुतेक वेळ नोंदणी, शुल्क आणि गुण कळवणे यातच जातो. आठवड्याची आखणी कशी करावी, समजले नाही तर व्हिडिओ पुन्हा पाहावा की पुस्तक उघडावे, हे सांगणारा कुणी नसतो. मर्यादा दुप्पट करताना या कामाचे तासही ठरवायला हवे होते. ते झाले नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच आहे.

प्राथमिक शाळा मराठीत वा कोकणीत करून आलेल्या मुलांवर हा भार दुहेरी पडतो. विषय नवा आणि व्याख्यान सलग इंग्रजीत. वर्गात शिक्षक चेहरा पाहून थांबतो, मराठीत दोन वाक्ये सांगतो. व्हिडिओ थांबवायचा तो विद्यार्थ्यानेच. अनेक जण तो दीडपट वेगाने पुढे नेतात आणि असाइनमेंटची उत्तरे व्हॉट्सॲपवर मागतात.

२०२३-२४ पासून गोव्यातल्या कॉलेजांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि श्रेयांकांचा हिशेब अधिकच महत्त्वाचा झाला. ‘स्वयम्’वरच्या आयआयटीवाल्या अभ्यासक्रमांचे वेळापत्रक मात्र देशभर एकच. जुलैच्या सत्रात ऐन मध्यावर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते. घरे माणसांनी भरलेली, गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी, आरत्या, पाहुणे. मुदत काही पुढे सरकत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. म्हणजे चार हुकल्या तरी चालते, आणि ज्यांनी हा नियम आधी वाचलेला असतो ते चवथीचे आठवडे त्यात बसवतात. ज्यांनी पहिले तीन आठवडे ‘नंतर बघू’ म्हणून घालवलेले असतात, त्यांच्याकडे चवथीसाठी एकच उरतो. असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० गुण नसतील, तर केंद्रावर जाऊन दिलेल्या ७५ गुणांच्या परीक्षेत कितीही मिळाले तरी प्रमाणपत्र हाती येत नाही.