‘वनस्पतीजन्य आहे, अपाय होणार नाही’: स्तनाच्या कर्करोगातील एका समजाविषयी खुलासा

“काढे आणि चूर्णे नैसर्गिक असल्याने ती केमोथेरपीबरोबर घेतली तरी चालतात, डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. आजाराने धास्तावलेल्या घरात त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध मुळात पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळाले, तरीही त्याने केस गळतात आणि हातापायांना मुंग्या येतात. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन या संप्रेरकविरोधी गोळीचे उदाहरण अधिक बोलके आहे. यकृतातील विकरांमुळे या गोळीपासून एन्डॉक्सिफेन हे प्रभावी रूप तयार होते आणि तिचा बराचसा परिणाम त्यावरच अवलंबून असतो. हळदीतील कर्क्युमिन या घटकाच्या कॅप्सूल, विशेषतः मिरीतील पायपरीनसह, घेतल्यास रक्तातील एन्डॉक्सिफेन घटते, असे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. आमटीतल्या चिमूटभर हळदीची धास्ती घेण्याचे कारण नाही. प्रश्न अर्काच्या मोठ्या मात्रेचा आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्याही वैद्यकीय नोंदी आहेत, आणि केमोथेरपीच्या अनेक औषधांचा निचरा यकृतातूनच होत असल्याने ही बाब किरकोळ नाही.

याची पडताळणी करता येते. डबीवरील घटक वाचावेत, ती डबीच पुढच्या तपासणीला कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवावी, आणि रक्ततपासणीतील एसजीपीटीचा (यकृताला इजा झाल्यास वाढणाऱ्या विकराचा) आकडा तो काढा किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहण्यास त्यांना सांगावे. सगळेच पूरक उपाय टाळायला हवेत असे नाही; योगासनांनी थकवा कमी होतो असे अभ्यासांत आढळले आहे. शस्त्रक्रियेनंतर खांद्याला ताण देणारी आसने मात्र विचारूनच करावीत.