गाण्याखालची ओळ आणि माझी आत्या

माझी आत्या ६३ वर्षांची आहे, शाळेची पायरी कधी चढली नाही, आणि तिला शंभरेक अभंग तोंडपाठ आहेत, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. गावात उल्लासचे वर्ग सुरू झाले (२०२२ ते २०२७ अशी ही केंद्राची योजना आहे, १५ वर्षांवरच्या कुणालाही वाचन, लेखन आणि आकडेमोड शिकवायची आणि शेवटी १५० मार्कांची चाचणी) तेव्हा शेजारची मुलगी स्वयंसेवक म्हणून तिला बोलवायला आली, तर आत्या म्हणाली, "माझ्या गवऱ्या गेल्या मसणात, आता कुठं अक्षरं गिरवू?"

हे ती एकटीच म्हणत नाही, सगळेच म्हणतात, शिकवणाऱ्यांच्याही मनात कुठंतरी हेच असतं. म्हणून आधी मेंदूचं बघू.

२०१७ साली एक फार छान संशोधन छापून आलं. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतल्या तिशीच्या आगेमागे असलेल्या माणसांना, त्यात बहुतेक बायकाच, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. लिपी आपलीच, देवनागरी. सहा महिन्यांत फरक दिसला, आणि तो फक्त मेंदूच्या वरच्या थरात नाही तर खाली खोलवर, नजर कुठं वळवायची ते ठरवणाऱ्या भागांतसुद्धा, त्या भागांचा आणि दृष्टीच्या केंद्राचा ताळमेळ वाढला होता. त्याआधी २०१० मध्ये स्टॅनिस्लास देहेन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राझील आणि पोर्तुगालमधली ६३ मोठी माणसं तपासली होती, काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेली आणि काही मोठेपणी शिकलेली. वाचणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला मागे खाली एक जागा अक्षरांसाठी तयार होते, आणि ती मोठेपणी शिकलेल्यांच्यातही तयार झालेली होती. म्हणजे वय झालं म्हणून दार बंद होत नाही.

मग वर्ग का ओस पडतात? कष्ट, शेती, घरकाम ही कारणं आहेतच, पण एक कारण वाचनाच्या आत लपलेलं आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. ते म्हणजे स्पीड. नवशिका माणूस म... हा... रा... असं एकेक अक्षर लावत जातो, आणि आपली तात्पुरती आठवण इतकी छोटी असते की वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निसटून जाते, अक्षरं वाचून होतात पण अर्थ हाताला लागत नाही, आणि ज्यातून अर्थ लागत नाही ते काम माणूस किती दिवस करेल? वाचन आपोआप व्हायला लागेपर्यंत खूप सराव लागतो, आठवड्यातले दोन-चार तास त्याला पुरत नाहीत, आणि वर्ग संपला की काही महिन्यांत होतं नव्हतं तेही विसरतं. लहान मुलाला रोज शाळा असते म्हणून त्याचं निभावतं. आत्याला कुठली रोज शाळा!

पण आत्याकडे एक गोष्ट आहे जी पहिलीतल्या पोराकडे नसते. तिच्याकडे भाषा आहे, सगळीच्या सगळी, शब्द, म्हणी, ओव्या, शिव्यासुद्धा. फक्त कानात असलेला शब्द आणि डोळ्यासमोरचं अक्षर यांची गाठ पडलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या माणसांसाठीच्या तंत्रज्ञानाने ही गाठ पुन्हा पुन्हा, रोज, न कंटाळता घालून द्यावी, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

हे ज्यांनी सगळ्यात सोप्या पद्धतीने केलं ते ब्रिज कोठारी. अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश सिनेमा बघताना त्यांना वाटलं की खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर भाषा पटकन आली असती, आणि तिथून पुढे, हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दिले तर? १९९६ च्या सुमाराची ही कल्पना. १९९९ मध्ये गुजराती दूरदर्शनवर आणि २००२ पासून चित्रहारमध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी येऊ लागल्या, आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग त्याच क्षणी बदलतो. पुढे झी टॉकीजवर मराठी सिनेमांनाही मराठी ओळी देऊन बघितल्या गेल्या. यात शिकायचं म्हणून कुणी बसतच नाही, माणूस गाणं ऐकत असतो आणि डोळे आपसूक खाली जातात. बेल्जियममधल्या प्रयोगांत दिसलंय की ऐकू येणारी भाषा पूर्ण समजत असतानाही लोकांची नजर खालच्या ओळीवर जातेच. आणि गाण्यात तर पुढचा शब्द आधीच माहीत असतो, त्यामुळे डोळा आधी अंदाज बांधतो आणि मग अक्षराशी ताडून बघतो, कितीदाही, कारण आवडीचं गाणं शंभर वेळा ऐकायला कोणाची ना असते?

हे वाचून आम्ही घरी तेच केलं. माझ्या पुतणीने आत्याच्याच आवाजात दोन अभंग फोनवर रेकॉर्ड केले आणि व्हिडिओ बनवायच्या फुकट ॲपमध्ये खाली मोठ्या अक्षरात ओळी टाकल्या, म्हणेल तो शब्द पिवळा होईल असं. पहिले आठ दिवस आत्या बघेचना, नुसती ऐकायची. मला वाटलं फसलं. मग लक्षात आलं की तिला दिसतच नाहीये! चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर होतं, आपण तर त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो, पण जी बाई वाचतच नाही तिला चाळिशीची गरज कधी पडलीच नव्हती, सुईत दोरा नातवंडं ओवून देत होती. तालुक्याला जाऊन नंबर काढला, साधा चष्मा केला, फोनमधली अक्षरं सेटिंगमध्ये जाऊन मोठी केली. प्रौढ साक्षरतेचा कुठलाही वर्ग डोळे तपासल्याशिवाय सुरू होऊ नये असं मला आता अगदी मनापासून वाटतं, टॅबलेट नंतर द्या, आधी चष्मा द्या.

तसं आपल्याकडे हे प्रयोग नवे नाहीत. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ ऐकणारे गट बसवले होते, आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं आणि प्रश्न परत केंद्राला पाठवायचे. यंत्र एक, आणि त्याभोवती माणसं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे २००० मध्ये एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीने तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यातून जुन्या कॉम्प्युटरवर साक्षरता सुरू केली, त्यात अक्षरांपासून नाही तर ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात, आणि साधारण ४० तासांत पेपरातलं सोपं वाचता यावं हे ध्येय. आता तर बोललेलं ओळखणारी ॲप आहेत, गूगलचं बोलो २०१९ मध्ये आलं (पुढे त्याचं नाव रीड अलाँग झालं), आपण मोठ्याने वाचायचं आणि ते ऐकून अडलेला शब्द सांगणार. चुकलं तर कुणासमोर लाज नाही, मोठ्या माणसाला ही लाजच जास्त मारते. फक्त त्यातल्या गोष्टी पोरांसाठीच्या आहेत, साठीतल्या बाईला ससा-कासव वाचायला देणं मला बरं वाटत नाही. तिला सातबारा द्या, गॅसचं बिल द्या, बचत गटाची वही द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. फोन आता बोलून चालतो, व्हॉइस मेसेज पाठवता येतो, काय हवं ते विचारता येतं, त्यामुळे बरेच जण म्हणतात आता वाचायला येण्याची गरजच काय. सोय आहे, मान्य. पण बँकेत फॉर्म पुढे सरकवून "इथं अंगठा करा" म्हणतात तेव्हा फोनला विचारत बसता येत नाही, काय लिहिलंय ते तिथल्या तिथे स्वतःच्या डोळ्यांनी कळायला लागतं.

आत्याचं म्हणाल तर चार महिने झाले. भ आणि म अजून चुकतात, घ आणि ध सुद्धा, जोडाक्षर आलं की थांबते. पण एक शंका मला पहिल्यापासून होती की ही खरंच वाचते की पाठ आहे म्हणून नुसती बोट फिरवते? तर मागच्या रविवारी पुतणीने तिला न सांगता व्हिडिओतल्या एका ओळीत एक शब्द बदलला, आवाज तोच, खाली अक्षरं वेगळी. आत्या गुणगुणत होती, त्या ओळीला आली आणि गप्प झाली. व्हिडिओ मागे घ्यायला लावला. चष्मा वर केला, खाली केला, शब्दावर बोट ठेवलं आणि पुतणीला म्हणाली, "हे काय लिवलंस गं? मी तर असं म्हटलंच नाही."