आधी हाताचा कंप थांबला, कारण मागाहून कळलं: डीबीएस आणि मेंदूतल्या लहरी

लातूर-नांदेडकडचा पार्किन्सनचा (कंपवाताचा) रुग्ण मोठ्या दवाखान्यासाठी बहुधा हैदराबाद गाठतो, जालना-बीडकडचा संभाजीनगरला दाखवून पुण्या-मुंबईला जातो. तोवर गोळ्या सुरू होऊन काही वर्षं उलटलेली असतात. पूर्वी दिवस निभावून नेणारी सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, आता दोन-तीन तासांत उतरते, मधल्या वेळात अंग आखडून जातं, आणि गोळी चढली की नको तितकं हलायला लागतं. अशा वेळी ‘डीबीएस’ (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) हा शब्द कानावर पडतो: मेंदूत खोलवर दोन बारीक वायरी, छातीत कातडीखाली बॅटरी, आणि लाखांतला खर्च. घरचे विचारतात, वीज सोडून आत नेमकं होतं तरी काय? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. उपचार सुरू होऊन बरीच वर्षं झाली तरी डॉक्टरांपाशीही त्याचं धड उत्तर नव्हतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. औषध यायला पुढं दीडशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर आपल्याकडच्या दोन वनस्पती भेटतात. सर्पगंधेपासून काढलेलं रेझरपीन दिल्यावर निपचित पडलेले ससे लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं. तेच लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांतून भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच वेगळं केलं होतं. (म्हणून कुणी बांधावरच्या शेंगा कुटून खायला सांगितल्या तर ऐकू नये, बीमागे मात्रा बदलते आणि चालू गोळ्यांचा हिशेब बिघडतो.) १९६० मध्ये व्हिएन्नात मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीन हे हालचालीसाठी लागणारं रसायन कमी आढळलं. लेव्होडोपापासून तेच बनतं, म्हणून गोळीचा मार्ग मोकळा झाला.

शस्त्रक्रिया त्याआधीपासून होत होत्या. मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागाचा बारीकसा ठिपका जाळून टाकायचा; जागा बरोबर आहे ना, हे पाहायला आधी तिथं वीज सोडायची. रुग्ण जागाच असे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं आलीम-लुई बेनाबीद यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला शंभराच्या आसपास विजेचे ठोके दिले की कंप थांबतो, वीज काढली की परत येतो. मग जाळायचं कशाला? वायर तिथंच ठेवली तर? दोन्ही बाजू जाळल्या तर वाचा जाण्याचा धोका मोठा होता, आणि जाळलेलं परत आणता येत नाही. वीज कमी-जास्त करता येते. डीबीएसचा जन्म असा ऑपरेशनच्या टेबलावर झाला, कुठल्याही सिद्धांतातून नव्हे.

सिद्धांत आला तो माकडांकडून. १९९० मध्ये हॅगाय बर्गमन, थॉमस विकमन आणि महलॉन डीलाँग यांनी पार्किन्सनसारखी लक्षणं आणलेल्या माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा काही मिलिमीटरचा भाग निकामी केला, आणि माकडं हलू लागली. १९९३ मध्ये बेनाबीद यांच्या गटानं त्याच जागी माणसात वायर बसवली. या जागेचा फायदा मोठा होता: नुसता कंप नाही, आखडणं आणि मंदावणंही कमी होऊ लागलं.

तेव्हाचा हिशेब सरळ होता. डोपामीन घटलं की काही पेशी जास्त वेगानं ठोके देतात, त्यांना दाबलं की हालचाल सुटते. पण तो हिशेब जुळेना. याच साखळीतला पॅलिडम हा पुढचा, हालचालीला लगाम घालणारा भाग जाळला, तर त्या गणितानं रुग्णाचं नको ते हलणं वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात गोळीमुळं येणारं ते हलणं उलट कमी झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. पेशी किती ठोके देतात, यापेक्षा कशा लयीत आणि किती जणी एकदम देतात, हे पाहायची गरज त्यातून पुढं आली.

पुष्कळ पेशी एका लयीत ठोके देतात तेव्हा विजेच्या लहरी उठतात, आणि त्या माहीत होत्याच. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या लहरींची नोंद १९२९ मध्ये छापली. सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांच्या बीटा लहरी हालचाल करताना दबतात, हे हर्बर्ट जॅस्पर आणि वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९४९ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर पाहिलं होतं. डीबीएसच्या वायरींमुळं आता खोलवरचंही ऐकता येऊ लागलं. २००१ मध्ये पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांत दाखवलं, की गोळी उतरलेली असताना तिथं बीटा जोरात असतो. लेव्होडोपा दिलं की तो ओसरतो आणि ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० आवर्तनांच्या) आसपासची वेगवान लहर दिसते.

बीटाचं काम बऱ्याच जणांच्या मते शेतीच्या वादात कोर्टानं दिलेल्या ‘जैसे थे’ आदेशासारखं आहे: आहे ते तसंच राहू द्या, कुणी काही हलवू नका. निरोगी माणसात हात उचलायच्या आधी हा आदेश उठतो. पार्किन्सनमध्ये तो उठता उठत नाही. मनात येतं, पाय निघत नाही.

सेकंदाला १३० च्या आसपास ठोके दिले की हा बीटा दबतो, आणि तो जितका दबतो तितकं मंदावणं आणि आखडणं सुधारतं, असं आंद्रेया क्यून यांच्यासह अनेकांच्या नोंदींतून दिसलं. उलट बाजूही तपासली गेली: मुद्दाम २० हर्ट्झनं वीज दिली तर हालचाल किंचित मंदावते. पण सगळं बीटावर ढकलता येत नाही. लोकांच्या नजरेत भरणारा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळांचा असतो आणि त्याचं बीटाशी नातं कच्चं आहे. शिवाय बीटा सलग वाजत नाही, उसळ्यांनी येतो. छोट्या उसळ्या सगळ्यांनाच असतात, लांबलेल्या त्रास देतात.

मग चोवीस तास वीज का द्यायची? २०१३ मध्ये ब्राउन यांच्याच गटानं ८ रुग्णांत, बीटा वाढला तरच वीज सुरू, असा प्रयोग केला. वीज निम्म्याहून कमी वेळ लागली आणि हालचाल सततच्या विजेपेक्षा बरी झाली. रोजच्या आयुष्यात लहरींची नोंद ठेवणारी बॅटरी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि लहर पाहून आपोआप वीज कमी-जास्त करणारी पद्धत फेब्रुवारी २०२५ मध्ये.

मराठवाड्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न साहजिकच हा, की मग सेटिंगसाठीचे हेलपाटे वाचतील का. लगेच नाही. कुठल्या लहरीवर लक्ष ठेवायचं, ती किती वाढली की वीज वाढवायची, हे रुग्णागणिक बदलतं आणि डॉक्टरांनाच ठरवावं लागतं. ते ठरवताना एकदा गोळी बंद ठेवून आणि एकदा घेऊन तपासायचं असतं: मूठ उघड-मीट करा, बोटं टेकवा, उठून चालून दाखवा. तोल आणि बोलणं या दोन तक्रारी बीटा दबल्यावरही बऱ्याचदा तशाच राहतात, आणि त्या यंत्राला सांगता येत नाहीत. त्या घरच्यांनीच लक्षात ठेवून डॉक्टरांच्या कानावर घालाव्या लागतात.